पायमू : कोयनेचं पाणी मागणारे सगळे एका पडद्यावर

पायमू ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच आहे. फुकट मिळते, अपाचे परवान्याखाली खुली आहे, एका ओळीच्या आज्ञेने संगणकावर बसते. एकमेकांच्या विरोधात जाणारी उद्दिष्टं एकाच वेळी सांभाळायचं गणित समोर आलं की आज मी सगळ्यात आधी तिच्याकडे वळते. पण "चांगली आहे, वापरा" एवढ्यावर हे परीक्षण संपवता येणार नाही. ती कोणत्या कामाला घ्यावी, कोणत्या कामाला हात लावू नये आणि तिने दिलेल्या उत्तराचं पुढे काय करावं, हे सांगितल्याशिवाय शिफारस अर्धवट राहील.

मी सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, जलसंपत्ती हा माझा विषय. शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर कोयना धरणाचं पावसाळ्यातलं परिचालन पायमूवर मांडलं, ते काम अजून चालू आहे. सार्वजनिक आकड्यांवर उभा केलेला हा अभ्यासाचा नमुना आहे, शासनाचं वेळापत्रक नव्हे. खालचं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

कोयनेची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. या पाण्याला दोन दिशा आहेत आणि पेच तिथूनच सुरू होतो. पश्चिमेकडे वळवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली उतरतं, पाचशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून पडून वीज तयार करतं, कोळकेवाडीला पुन्हा एकदा कामाला येतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडे सोडलेलं पाणी पायथा वीजगृहातून किंवा वक्र दरवाजांतून कोयना नदीत येतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडे निघतं. इकडे मिळणारी उंची शंभर मीटरच्या आतली. त्यामुळे तेच एक टीएमसी पश्चिमेला दिलं तर वीज कितीतरी पटीने जास्त. पूर्वेला दिलं तर ऊस, द्राक्षबागा, गावोगावचं पिण्याचं पाणी, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना. या योजना जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे पाणी चढवायला उलट वीज खातात. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, पश्चिमेकडच्या वळवणीला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि त्या दिवसापासून हा हिशेब नव्याने मांडला जातो.

पावसाळ्यात आणखी एक मागणीदार येतो. तो पाणी मागत नाही, धरणात रिकामी जागा मागतो. तो म्हणजे आमचं सांगली शहर आणि कृष्णाकाठची गावं. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, गणपती पेठ, हरभट रस्ता, सगळं पाण्याखाली होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं बुडाली. प्रोग्राममध्ये मी "उद्दिष्ट पहिलं : सांगलीतला सर्वोच्च प्रवाह कमीत कमी" अशी ओळ लिहिते तेव्हा ती नाव माझ्या डोक्यात असते. ही ओळ बाकीच्या ओळींसारखी नाही हे मुलांनाही सांगते.

पेच किती घट्ट आहे हे कागदावरही दिसतं. दिवसभर ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) प्रवाह चालला की एक टीएमसी होतं. कोयना, नवजा, महाबळेश्वरला पाऊस लागून धरणात एक लाख क्युसेकची आवक झाली तर दिवसाला ८.६४ टीएमसी पाणी येतं. समजा धरणात १० टीएमसी जागा मोकळी ठेवली आहे. अशा आवकेत ती जागा एका दिवसाला थोडी जास्त पुरेल. तीच जागा पुराच्या आधी तीन दिवसांत करायची तर जितकी आवक तितका विसर्ग सोडून वर ३८ हजार क्युसेक जास्तीचे सोडावे लागतील. खाली कृष्णा आधीच भरून चालली असेल तर ते पाणी सोडणं म्हणजे पूर दोन दिवस आधी आणणं. मग जुलैपासूनच जागा ठेवावी म्हटलं आणि ऑगस्टच्या मध्यावर पाऊस थांबला, तर ते १० टीएमसी गेले. पडती उंची ४७५ मीटर आणि कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर १० टीएमसी म्हणजे पश्चिमेकडची ३३ कोटी युनिट वीज. किंवा उन्हाळ्यात जतकडे गेलं असतं ते पाणी.

आता यातून "सर्वोत्तम" काढा म्हटलं की आपल्याकडे रूढ रीत आहे वजनं लावायची. पुराला ०.४, विजेला ०.३, सिंचनाला ०.३, सगळं एकत्र करायचं, एक आकडा काढायचा, तो जास्तीत जास्त करायचा. एक उत्तर येतं, छान दिसतं, अहवालात बसतं. माझा या रीतीला कडक विरोध आहे आणि पायमू आवडण्याचं मुख्य कारण तेच आहे. ते ०.४ कुणी ठरवलं? गणपती पेठेतल्या दुकानात शिरणारं पाणी आणि आटपाडीतली वाळणारी डाळिंबाची बाग यांचं प्रमाण एका अभियंत्याने संध्याकाळी एक्सेलमध्ये टाकलं, आणि त्यानंतर तो निर्णय कुणालाच दिसला नाही. सगळ्यांना दिसलं फक्त उत्तर. गणिताच्या बाजूनेही ही रीत अपुरी आहे. शक्य उत्तरांची सीमा जिथे आत दबलेली असते, तिथली उत्तरं कितीही वजनं बदलली तरी वजनांच्या बेरजेतून कधीच बाहेर येत नाहीत. अनेकदा बोलणी करण्यासारखी उत्तरं नेमकी तिथेच असतात.

पायमू वजन विचारत नाही. तिला उद्दिष्टं वेगवेगळी द्यायची. ती योजनांचा एक जथा घेते, प्रत्येक योजना धरणाच्या नमुन्यातून चालवून पाहते आणि एकमेकींशी ताडते. एखादी योजना दुसरीपेक्षा कशातच वाईट नसेल आणि निदान एका बाबतीत सरस असेल, तर दुसरी बाद. उरलेल्यांची सरमिसळ करून नव्या योजनांची पुढची पिढी तयार होते, आणि पिढ्यामागून पिढ्या हे चालतं. शेवटी उरतात त्या योजना अशा की एका बाजूला सुधारणा हवी तर दुसऱ्या बाजूला काहीतरी सोडावंच लागतं. या संचाला परेटो फ्रंट म्हणतात. इटलीच्या विल्फ्रेदो परेटो या अर्थशास्त्रज्ञाच्या नावावरून.

यामागच्या मूळ पद्धतीचं नाव एनएसजीए-२. ती कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा देब आयआयटी कानपूरमध्ये होते. या विषयातलं जगभर सर्वाधिक वापरलं गेलेलं काम कानपुरात झालं, हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक नसतं आणि मी ते मुद्दाम सांगते. पुढे देब अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे विद्यार्थी जूलियन ब्लँक यांनी पायमू बांधली आणि दोघांचा तिच्यावरचा लेख २०२० मध्ये आला. म्हणजे पद्धत शोधणारा आणि हत्यार घडवणारा एकाच खोलीत बसलेले. ते वापरताना जाणवतं. एनएसजीए-२ मधली बारीक कलमं, जसं एकाच कोपऱ्यात गर्दी करणाऱ्या योजनांपैकी विरळ भागातल्यांना आधी राखायचं, किंवा अटी मोडणाऱ्या योजनेला अटी पाळणारीच्या खाली ठेवायचं, ही सगळी मूळ लेखात जशी आहेत तशी इथे मिळतात.

मांडणी सोपी आहे. निर्णयाचे चल (म्हणजे जे आकडे ठरवायचे आहेत ते) किती, त्यांच्या खालच्या-वरच्या मर्यादा काय, उद्दिष्टं किती, अटी किती, एवढं सांगायचं. मग एक फलन (फंक्शन) लिहायचं, जे निर्णय घेऊन उद्दिष्टांचे आकडे परत देईल. दोन संकेत पक्के लक्षात ठेवायचे. पायमू प्रत्येक उद्दिष्ट कमीत कमी करते, म्हणून वीज जास्तीत जास्त हवी तर तिच्यापुढे उणे चिन्ह. अट पाळली याचा अर्थ आकडा शून्य किंवा त्याखाली. पश्चिमेकडे वळवलेलं पाणी वजा ६७.५, हा आकडा शून्याच्या वर गेला की अट मोडली. लवादाची मर्यादा एका ओळीत येते.

पाण्याचा ताळेबंद मात्र अट म्हणून देऊ नका. कालचा साठा अधिक आवक वजा विसर्ग वजा बाष्पीभवन बरोबर आजचा साठा, ही समानता दर दिवसाला अट म्हणून टाकली तर उत्क्रांतीवर चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीला ती जवळपास कधीच जुळत नाही. ताळेबंद फलनाच्या आत चालवायचा. निर्णय द्यायचा, धरण दिवसामागून दिवस चालवायचं, शेवटी जे झालं ते मोजायचं.

निर्णय म्हणून काय द्यायचं, हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि यात पायमू तुम्हाला काहीच मदत करत नाही. रोजचा विसर्ग हाच चल धरला तर गणित फसवं होतं. २०१९ ची आवक आत दिलेली असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये काय होणार हे संगणकाला जुलैतच माहीत असतं आणि तो बरोबर आधी धरण रिकामं करतो. धरणावर उभ्या असलेल्या माणसाला ही सोय नसते. म्हणून आम्ही विसर्ग ठरवायला दिलाच नाही, विसर्गाचा नियम ठरवायला दिला. दर पंधरवड्याच्या शेवटी साठा किती असावा, त्यावर साठा गेला तर किती वेगाने सोडायचं, आणि मागच्या तीन दिवसांच्या आवकेकडे किती लक्ष द्यायचं. चलांची संख्या दोन आकड्यांत राहते. हा नियम आदल्या वर्षांवर घडवायचा आणि २००५, २०१९, २०२१ ही पुराची वर्षं बाजूला ठेवून त्यांच्यावर तपासायचा. जो नियम घडवलेल्या वर्षांत देखणा आणि बाजूला ठेवलेल्या वर्षांत कोसळतो, तो परेटो फ्रंटवर असला तरी आमच्या कामाचा नाही.

आमच्या कॉलनीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना मी सुरुवातीचे आलेख दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अगं, हे सगळं कोयनेचं झालं. त्या वेळी कराडच्या वर कृष्णेला पाणी किती होतं? वारणा किती होती? आमचा फोन आधी तिकडे जायचा, मग दरवाजाला हात." त्यानंतर नमुन्यात धोम-कण्हेर धरणांकडून येणारं पाणी आणि वारणा नदी ही वेगळी आवक म्हणून घेतली. कोयनेचं पाणी सांगलीत पोचेपर्यंतचा विलंबही बसवला. सांगलीचा शिखर प्रवाह म्हणजे या सगळ्यांच्या शिखरांची गाठ कधी पडते याचा प्रश्न आहे. कोयनेचा विसर्ग सहा तास पुढे-मागे झाला तरी आकडा हलतो. फ्रंटचा आकार त्यानंतर साफ बदलला. आधी वाटत होतं की पूर आणि साठा यांच्यात सरळ देवघेव आहे. आता मधे एक वळण दिसतं, जिथे थोडा साठा सोडून पुराचा बराच भाग कमी होतो. त्या वळणापलीकडे मात्र कितीही साठा सोडला तरी सांगलीला फारसा फायदा नाही, कारण तिथून पुढचं पाणी कोयनेचं नसतंच.

ही वळणं शोधायची सोय पायमूमध्ये तयार आहे. फ्रंटवरच्या कोणत्या बिंदूंपासून जरा हललं की एका बाजूचं नुकसान दुसऱ्या बाजूच्या फायद्यापेक्षा फार मोठं होतं, ते ती वेगळे काढून देते. मला हा भाग अख्ख्या लायब्ररीत सगळ्यात उपयोगी वाटतो आणि तो वापरणारे फार कमी दिसतात. बहुतेक जण शंभर ठिपक्यांचा आलेख काढून थांबतात.

वेगाबद्दल. शंभर योजना आणि दोनशे पिढ्या म्हणजे धरण वीस हजार वेळा चालवणं. एका वेळेला एक सेकंद लागला तर साडेपाच तास. इथे पायमूने दिलेली एक सोय घेतलीच पाहिजे: फलनाला एकेक योजना न देता अख्खा जथा एकाच वेळी देता येतो. नमपाय ही आकड्यांच्या रांगांवर एकदम गणित करणारी पायथॉनची लायब्ररी वापरून तीस वर्षांचं रोजचं गणित शंभर योजनांसाठी एकत्र चालवलं की साधा लॅपटॉपही पुरतो. आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं जुनी आहेत आणि त्यांच्यावर हे चालतं. ज्यांना ही मांडणी जमत नाही त्यांच्यासाठी अनेक प्रोसेसरांवर काम वाटायची सोयही आहे. इतिहास साठवायचा पर्याय मात्र गरज असेल तेव्हाच चालू करावा. प्रत्येक पिढीची पूर्ण प्रत ठेवली जाते आणि स्मृती भरते.

वर्गात एक प्रसंग झाला, तो सांगणं परीक्षणाचाच भाग आहे. आमची तेव्हा चार उद्दिष्टं होती: सांगलीचं शिखर, १५ ऑक्टोबरला धरण किती भरलेलं, पश्चिमेकडची वीज आणि मार्च ते मे मधली उपसा योजनांची तूट. चिपळूणहून आलेला एक मुलगा हात वर करून म्हणाला, "मॅडम, आमचं चिपळूण यात कुठेय? पश्चिमेकडचं पाणी आमच्याच वाशिष्ठीत येतं ना?" २२ जुलै २०२१ चं चिपळूण त्या मुलाने घराच्या माळ्यावरून पाहिलं होतं. त्या पुराची कारणं किती आणि कोणती हा स्वतंत्र विषय आहे आणि एका विद्यार्थी-नमुन्याने त्याचा निवाडा करू नये. पण प्रश्न अचूक होता. वाशिष्ठी भरून वाहत असताना, वर भरतीची वेळ असताना, वीजगृहांतून बाहेर पडणारं पाणी हा शून्य परिणामाचा रकाना नाही. आम्ही पाचवं उद्दिष्ट घातलं: अतिवृष्टीच्या दिवसांत पश्चिमेकडे गेलेलं पाणी कमीत कमी.

तेव्हा एनएसजीए-२ अपुरी पडू लागली. हे तिचं वैगुण्य नव्हे, गणिताचा स्वभाव आहे. उद्दिष्टं वाढली की जवळपास प्रत्येक योजना कशात ना कशात कुणापेक्षा तरी सरस ठरते, बाद कुणीच होत नाही, आणि निवडीचा दाब संपतो. त्यासाठी देब आणि हिमांशु जैन यांची २०१४ ची एनएसजीए-३ आहे आणि तीही पायमूमध्ये आहे. तिला आधीच दिशा आखून द्याव्या लागतात, म्हणजे प्रत्येक दिशेने एक तरी उत्तर शोधलं जातं. या दिशा समान अंतरावर आखायच्या नेहमीच्या रीतीने प्रत्येक अक्षाचे बारा भाग केले तर तीन उद्दिष्टांना ९१ दिशा होतात, चारला ४५५, पाचला १,८२०. जथाही तितकाच मोठा लागतो. आम्ही सहा भाग केले, २१० दिशांवर भागवलं. हव्या तितक्याच दिशा समान पसरवून देणारी दुसरी रीतही पायमूत आहे. ती वापरून पाहण्यासारखी आहे.

पाच उद्दिष्टांचा ठिपक्यांचा आलेख काढता येत नाही. पायमूमध्ये समांतर अक्षांचा आलेख आहे: पाच उभ्या रेषा, प्रत्येक योजना म्हणजे त्यांना छेदत जाणारी एक तुटक रेघ. दोन शेजारच्या अक्षांमध्ये रेघा फुलीसारख्या एकमेकींना कापत असतील तर त्या दोन मागण्यांचं भांडण आहे. समांतर जात असतील तर मैत्री आहे. मला अपेक्षा होती की वीज आणि उपसा सिंचन यांच्यात सगळ्यात मोठी फुली दिसेल. दिसली ती धरण ऑक्टोबरात भरलेलं असणं आणि सांगलीचं शिखर यांच्यात. सांगलीचे दोन भाग, काठ आणि दुष्काळी पट्टा, एकाच जिल्ह्यात राहून या आलेखात समोरासमोर उभे राहतात. दुष्काळी जतच्या मुलीला आणि सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या मुलाला एकाच आलेखासमोर उभं केलं, तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या रेघा निवडल्या आणि मग बोलणं सुरू झालं. कोणत्या वर्षी कुणी किती सोडायचं, सोडलं तर बदल्यात काय, टँकर कुणी भरायचे, पूर आला तर दुकानदाराला कधी कळवायचं. वजनांच्या पद्धतीत हे बोलणं कधीच झालं नसतं, कारण बोलायला काही उरलेलंच नसतं.

आता उणिवा, स्पष्टपणे. पायमूकडून आलेला फ्रंट हा खरा फ्रंट आहे याची कोणतीही हमी नाही. ही शोधाची पद्धत आहे, सिद्धतेची नव्हे. सुरुवातीचं बीज, म्हणजे यादृच्छिक आकडे जिथून निघतात तो आकडा, बदललं की उत्तरं थोडी बदलतात. म्हणून अनेक बीजांवर चालवून सगळ्यांचे फ्रंट एकत्र करून मगच बोलावं. ज्या शोधनिबंधात एकाच बीजावरचा आलेख असतो तो मी परत पाठवते. थांबायचं कधी हाही वापरणाऱ्याचाच निर्णय. फ्रंटने व्यापलेलं घनफळ पिढीगणिक मोजायचं साधन पायमूत आहे, ते सपाट होईपर्यंत थांबू नये.

दुसरं, आवृत्त्या. ०.६ आवृत्तीत जुनी फॅक्टरीची मांडणी, म्हणजे पद्धती नुसत्या नावाने मागवायची रीत, काढून टाकली आहे, आणि इंटरनेटवर फिरणारे अनेक धडे अजून तिच्यावरच आहेत. ते उतरवून घेतले तर चालत नाहीत. मुलांना मी सरळ अधिकृत दस्तऐवजावर पाठवते. तो दस्तऐवज चांगला लिहिलेला आहे, पहिलं उदाहरण दोन चलांचं आहे आणि तिथून एक-एक पायरीने नेतो. मात्र पायथॉनची ओळख नसलेल्या अभियंत्याला तो उघडून काही उमगणार नाही. खिडक्या-बटणांचा पडदा नाही, असणारही नाही. खात्यातल्या उपअभियंत्याच्या टेबलावर ही लायब्ररी अशीच्या अशी पोचणार नाही. मधे कुणीतरी बसावं लागेल.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं गणित रेषीय असेल तर पायमू घेऊ नका. पंधरवड्याचा ताळेबंद, ठरलेली मागणी, पडती उंची स्थिर धरलेली, असं असेल तर रेषीय प्रोग्रामिंग काही सेकंदांत हमीचं उत्तर देतं. हाय्स नावाचा फुकट सॉल्व्हर आहे. एक उद्दिष्ट ठेवून बाकीच्यांना मर्यादा घालायच्या आणि त्या मर्यादा थोड्या-थोड्या सरकवत गेलं की परेटो फ्रंटही मिळतो. आम्ही हे आधी केलं, आणि त्याचा फ्रंट पायमूच्या फ्रंटशेजारी ठेवून ताडला. पायमू खरी उपयोगी पडते ती पातळीप्रमाणे बदलणारी उंची, दरवाजांचे नियम, विलंब, "साठा इतका असेल तर असं, नाहीतर तसं" अशी कलमं आली की. तेव्हा रेषीय पद्धत मोडते आणि पायमूला फरक पडत नाही, कारण ती फलनाच्या आत डोकावतच नाही.

इतर पर्यायांपैकी एक्सेलमधला सॉल्व्हर एका वेळी एकच उद्दिष्ट घेतो. मॅटलॅबमध्ये एनएसजीए-२ वर आधारलेलं साधन आहे, वापरायला सुबक आहे, पण परवाना विकत घ्यावा लागतो आणि मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला की त्याचा प्रोग्राम त्याच्याकडे चालत नाही. जावा येणाऱ्यांसाठी जेमेटल आहे, तीही खुली आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं एचईसी-रेससिम जलाशयांच्या साखळीचं अनुकरण उत्तम करतं, पण तिथे नियम तुम्ही द्यायचा असतो, तो शोधून देत नाही.

मापं जुळवणं विसरू नका. क्युसेक लाखांत, टीएमसी शंभराच्या आत, युनिट कोटींत. पायमू आत काही ठिकाणी प्रमाणीकरण करते, पण वळणं शोधताना आणि आलेख वाचताना कोणता अक्ष कुठून कुठे जातो हे कागदावर लिहून ठेवलं नाही तर अर्थ उलटा लागतो. विजेच्या अक्षावर उणे चिन्ह राहिलेलं असतं, तेही दाखवण्याआधी परत फिरवायचं.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, पायथॉन येणाऱ्या पाटबंधारे अभियंत्यांनी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनासाठी नमुने करणाऱ्यांनी पायमू जरूर घ्यावी. पुण्याच्या खडकवासला साखळीवर, नाशिक-नगर आणि जायकवाडीच्या वाटपावर, उजनीवर हीच मांडणी लागू पडेल. जायकवाडीच्या वादात तर कुणी किती सोडतो हे समांतर रेघांवर दिसणं फार गरजेचं आहे. सुरुवात दोन उद्दिष्टांनी, एकाच धरणाने आणि एनएसजीए-२ ने करा. उद्दिष्टांची यादी मात्र संगणक उघडण्याआधी, नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांतल्या माणसांना विचारून करा. आमच्या यादीत आता सहावा रकाना येतो आहे: नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळाल्यानंतरचं शिरोळ तालुक्यातलं पाणी. तिथली आवक कोल्हापूरकडच्या राधानगरीसकट घ्यायची आहे, आणि त्या भागातले रोजचे पातळीचे आकडे गोळा करायचं काम या सत्राच्या मुलांकडे दिलं आहे.